दुसऱ्या छपराखालची प्रत

माझा चेहरा घाटकोपर पूर्वेतल्या एकोणीस कॉम्प्युटरांवर उघडून पाहिलेला आहे. बँकेतल्या, दातांच्या डॉक्टरकडच्या, दोन सायबर कॅफेतल्या, कुंडल्या छापून देणाऱ्या गुरुजींच्या सुद्धा. मी पुढारी नाही आणि फरार आरोपीही नाही. माझं नाव बाळा घाडीगावकर. पंतनगरात माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. दुकानाच्या डाव्या भिंतीपलीकडे दशरथ हिवाळेचा ‘सम्यक फोटो स्टुडिओ’ आहे, आणि माझं थोबाड गावभर फिरवण्याचं काम त्याचंच. ते का फिरवलं हे सांगायचं तर आधी दशरथ सांगायला हवा.

दशरथ मूळचा जालन्याकडचा. वडील गोदीत हमालीला आले आणि कामराजनगरात राहिले. हा दहावी झाला आणि चेंबूरच्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये फोटो धुवायला लागला. आता पंचावन्नचा आहे. उंच, किंचित वाकलेला, बोलायला कमी आणि लिहायला फार. खिशात दोन पेनं, टेबलावर वही. त्याचा लाडका प्रश्न एकच, “लिहिलेलं आहे का कुठे?” गल्लीत पाण्याच्या वेळेवरून जुंपली तरी हा मधे जाऊन विचारणार, “नोटीस लिहिलेली आहे का?” माणूस सरळ आहे. पण सरळ माणसं शेजारी म्हणून फार ताप देतात.

त्याच्या दारावर दोन हजार आठपासून एक पाटी आहे: ‘फोटो गोरा करून मिळणार नाही’. पाटी मीच लॅमिनेट करून दिली. मला वाटलं, चार दिवसांत उतरवेल. लग्नाच्या मुली पासपोर्ट साइझ काढायला यायच्या, लाडात म्हणायच्या, “काका, थोडं ब्राइट करा ना.” हा म्हणायचा, “पुढच्या गल्लीत करतात. इथे तुझा फोटो निघेल.” गिऱ्हाईक उठून पुढच्या गल्लीत जायचं. मी कपाळावर हात मारायचो. मला तो शिष्टपणा वाटायचा, हे मी आज कबूल करतो. त्या पाटीमागे काय होतं ते मला कळायला सोळा वर्षं लागली.

आता त्याच्या वेडाचं सांगतो. दशरथ बौद्ध लग्नं जास्त करायचा, म्हणजे त्याच्याच समाजातली. त्या लग्नात नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्यात, पाहुण्यांतले निम्मे पांढऱ्यात, मागचा पडदाही पुष्कळदा पांढरा. वर व्हिडिओवाल्याचा हॅलोजन. साध्या फोटोत साडीचं सगळं काम धुऊन निघायचं, नुसता पांढरा ठिपका उरायचा, आणि पांढऱ्याला सांभाळावं तर सावळे चेहरे काळेठिक्कर व्हायचे. इतर फोटोग्राफर म्हणायचे, चालतंय यार, अल्बमवाला बघून घेईल. दशरथला ते चालेना. नवरीच्या आईने सहा महिने पैसे साठवून घेतलेल्या साडीवरची वेलबुट्टी फोटोत दिसत नाही, म्हणजे मी गेलो कशाला तिथे, असं तो म्हणायचा. दोन हजार सहा साली त्याने एक सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घेतला आणि रॉ फाईलमध्ये फोटो काढायला लागला. आमच्या पट्ट्यात तेव्हा लग्नाला रॉ कुणी काढत नव्हतं.

रॉ म्हणजे काय, हे त्याने मला तांदळावर समजावलं होतं. “हे बघ बाळा, जेपीजी म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने शिजवून दिलेला भात. मऊ झाला, करपला, तुझ्या हातात काही नाही. रॉ म्हणजे तांदूळ. उजेड जेवढा आत आला तेवढा सगळा भरून ठेवलेला. मग मी बसून शिजवणार. आणि हवं तेव्हा पुन्हा नव्याने शिजवणार, कारण मूळ तांदळाला हात लागतच नाही.”

“मग वाईट काय?”

“फाईल जड. आणि टीव्हीवर लागत नाही.”

हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण घात त्यातच झाला.

दशरथ प्रत्येक लग्नाच्या कच्च्या, म्हणजे रॉ, फाईलींच्या दोन डीव्हीडी करायचा. एक त्याच्या स्टुडिओत. दुसरीसाठी त्याचा नियम होता: “दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली.” एक छप्पर गेलं तरी दुसरं उरतं. आणि ते दुसरं छप्पर म्हणून त्याने मला निवडलं. मी राहतो मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन हजार नऊच्या सुमारास बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शेहेचाळीस डिस्का घालून त्याने माझ्या हवाली केल्या. प्रत्येकीच्या मधल्या कड्यावर बारीक अक्षरात त्या लग्नाचा वहीतला नंबर. “हरवू नकोस रे,” म्हणाला. मी म्हटलं, “तुझा काय बँकेचा लॉकर आहे का मी? पण ठेवतो.”

घरी माझी बायको जानकी. देवगडची. तिने डबा उघडला, एक डिस्क प्लेअरला लावून बघितली, काही लागेना. दुसरी लावली, तीही नाही. तिने ठरवलं, ह्या बिघडलेल्या. पुढच्या वर्षी आमच्याकडे गणपती. सोसायटीत मखरांची स्पर्धा. एका संध्याकाळी मी घरी आलो तर गणपतीच्या मागे लखलखणारं चक्र! थर्माकोलवर गोल गोल डिस्का चिकटवलेल्या, चकचकीत बाजू पुढे, आणि मधून निळा बल्ब. मी म्हटलं, “ह्या खयच्या गो?”

“त्या मेल्या बिस्किटांच्या डब्यातल्यो. गाणी लागणत नाय त्येंका. नुसत्यो पडान होत्यो.”

तो दशरथचा डबा होता. पण मखर सुंदर झालं होतं, आणि उद्या परीक्षक येणार होते. आम्हाला पहिला नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी दर्शनाला दशरथ आला. त्याने मखर निरखून पाहिलं आणि मान हलवून म्हणाला, “झकास केलंय वहिनींनी. लाईट काय मस्त फेकतंय!” मी त्याच्या हातात दोन मोदक जास्त दिले. विसर्जनानंतर जानकीने डिस्का खरवडून काढल्या. तुटल्या त्या टाकल्या, उरल्या त्या सुतळीने खिडक्यांत टांगल्या, कबुतरं पळवायला. मुलुंडच्या निम्म्या खिडक्यांत डिस्का लोंबतात, त्यात आमच्याही लोंबू लागल्या.

हे मी दशरथला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता दोन हजार तेरा उजाडलं.

त्या वर्षी त्याचा जुना कॉम्प्युटर मेला. नवीन घेतला, तर कॅमेऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्यावर चढेना. कंपनीने कॅमेरे काढणंच बंद केलं होतं. फोन लावला तर कुणी उचलेना. एवढी सगळी लग्नं, आणि ती ज्या भाषेत लिहिलेली, ती भाषा एकाच कंपनीला ठाऊक, आणि ती कंपनीच दुकान गुंडाळून बसलेली. दशरथ दोन दिवस जुन्या डिस्का चाळत बसला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “बाळा, ह्या सगळ्या फाईली दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्यायच्या. पण कुठल्या, ते नीट ठरवायचं. पुन्हा हीच पाळी यायला नको.”

आणि मग सुरू झालं. दहावी झालेला माणूस, पण इंटरनेटवरची इंग्रजी पानं काढून आणायचा, डिक्शनरी घेऊन बसायचा. मला म्हणायचा, “ही सत्तर पानं प्रिंट मार.” मी म्हणायचो, “पीएचडी करतोस काय?” कच्च्या फाईली सगळ्या जेपीजी कराव्यात? नको, तो भात झाला. टिफ करावं? टिफ बिचारं प्रामाणिक, सगळ्यांना वाचता येतं, पण तेही शिजवलेलंच, आणि वर हत्तीएवढं. शेवटी त्याची गाडी डीएनजीवर आली. कच्ची ती कच्चीच राहते, पण तिची रचना कशी आहे त्याचे नियम सगळे छापून उघड ठेवलेले.

पण दशरथ नुसतं वाचून विश्वास ठेवणारा नव्हे. त्याने मला स्टुलावर बसवलं, माझा एक फोटो काढला आणि तो सगळ्या तऱ्हांनी साठवला. मूळ कंपनीची फाईल, जेपीजी, टिफ, डीएनजी. पेन ड्राइव्ह खिशात टाकून हा गल्लोगल्ली हिंडला. “साहेब, दोन मिनिटं, एक फोटो उघडून बघायचाय.” कुठे विंडोज जुनी, कुठे नवी, कुठे फुकटातलं सॉफ्टवेअर. वहीत रकाने आखले. कुठे उघडली, कुठे नाही, कुठे माझा चेहरा हिरवा दिसला. महिनाभर जो तो मला विचारायचा, “अरे, तो पेन ड्राइव्हमधला तूच ना?” माझ्या सासऱ्यांनी सुद्धा लग्नाआधी माझी इतकी चौकशी केली नव्हती.

मी एकदा चिडून विचारलं, “अरे, हा डीएनजी पण एका कंपनीनेच काढलाय ना? ती उद्या बुडाली तर?”

त्याने पेन खाली ठेवलं. “बुडू दे. नियम छापलेत. कुणीही वाचावेत, कुणीही उघडणारं सॉफ्टवेअर लिहावं, परवानगी लागत नाही. बाळा, वाचायची विद्या एकाच घरात कुलूप लावून ठेवली की बाकीच्यांचं काय होतं, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मी माझ्या लोकांची लग्नं पुन्हा तसल्या कुलपात नाही ठेवणार.”

पुढे जन्मभर थट्टा करायचा माझा हक्क शाबूत आहे, पण त्या वाक्याची मी कधी थट्टा केली नाही.

सगळ्या डिस्का हार्ड डिस्कवर घेऊन त्याने एकेक फाईल डीएनजी केली. साईज कमी करायची एक खूण असते, ती त्याने केली नाही, कारण तिच्याने थोडा माल गळतो. उलट मूळ फाईलसुद्धा आत तशीच्या तशी बांधून ठेवली. फाईली दुप्पट फुगल्या. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पहिली एक साधी मराठी चिठ्ठी: ‘आधी हे वाचा. ही फाईल कशी उघडावी.’ त्याने स्वतः टाईप केलेली.

हे चालू असताना एक दिवस भिंतीवर टकटक झाली. “बाळा, एकशेसतरा नंबरची डिस्क अर्धीच वाचतेय. कडेने बुरशी लागलीय. दोनशेसाठ फोटो आले, पुढचे नाही येत. तुझ्याकडची प्रत आण ना.”

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, “माळ्यावर आहे रे. घरात रंगकाम काढलंय. झालं की शोधतो.”

ते रंगकाम अकरा वर्षं चाललं. पहिली दोन वर्षं तो आठवण करायचा, मग त्याने विचारणं सोडलं. वहीत मात्र त्याने लिहून ठेवलं होतं: ‘११७. सपना साळवे, मे २००७. २६१ ते ४१२ बाकी. बाळाकडची प्रत घेणे.’

दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात ती सपना साळवेच स्टुडिओत आली. चाळिशीची, चेंबूरच्या शाळेत शिक्षिका. मी चहा घेऊन गेलो होतो, तिथेच टेकलो. तिची आई चंपाबाई गोवंडीला राहायची. एका नर्सिंग होममध्ये आया होती, नवरा लवकर गेलेला. तिच्या घरात दोन ट्यूबलाईट होत्या, त्यातली एक तिने काढून दाराबाहेर लावली, वस्तीतल्या पोरांनी अभ्यासाला बसावं म्हणून. रोज सतरंजी टाकायची आणि पोरं उठेपर्यंत शेजारी बसून राहायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं. सपनाच्या लग्नानंतर वर्षभरातच ती वारली. आता त्या सतरंजीवर शिकलेल्यांनीच वर्गणी काढून तिथे अभ्यासिका बांधली होती. तीन जानेवारीला उद्घाटन. नाव: चंपाबाई साळवे अभ्यासिका.

“फोटो लावायचाय आईचा,” सपना म्हणाली, आणि तिने लग्नाच्या अल्बममधला फोटो पुढे केला. गोरीपान, गुळगुळीत चेहऱ्याची बाई. “हा मोठा करून बॅनर केला होता. वस्तीत लावला. काका, आईच्या बरोबरीच्या बायका आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, ही कोण? धुरपताआजी म्हणाली, आमच्या चंपीच्या कपाळावर गोंदण व्हतं, ही कोन गोरी बाई आनली?”

तिने फोटो टेबलावर पालथा घातला.

“मीच सांगितलं होतं तुम्हाला. आठवतं ना? सासरचे लोक शिकलेले होते. मला लाज वाटली. मी म्हटलं, काका, आईचं गोंदण काढून टाका आणि जरा गोरी करा. तुम्ही दोनदा विचारलंत, नक्की? मी म्हटलं, हो. दुसरा फोटोच नाही आमच्याकडे. इलेक्शन कार्डावर नुसता काळा डाग आहे. सोळा वर्षं मी त्या परक्या बाईला हार घालतेय. मीच आईला पुसली, काका.”

दशरथ उठला, तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. “तू तेवीस वर्षांची होतीस. पुसणारा हात माझा होता. तुझी आई गेली तेव्हा मी मातीला आलो होतो. घरात तोच फोटो लावलेला. त्याच आठवड्यात मी बाहेरची पाटी लावली.”

मी त्या पाटीकडे बघत राहिलो. सोळा वर्षं माझ्या हातच्या लॅमिनेशनखाली ही गोष्ट होती, आणि मी तिला शिष्टपणा म्हणत होतो.

“पण कच्ची फाईल?” सपनाने विचारलं. “तुम्ही म्हणाला होता, तिला हात लावत नाही.”

“नाहीच लावलेला.” त्याने वही काढली, पान उलटलं, बोट ठेवलं. “तुझ्या आईचा एकच फोटो एकटीचा आहे. नंबर तीनशेचार. हॉलच्या दारात. आधीच्यांत ती कुठे धड दिसतच नाही, आणि माझी डिस्क दोनशेसाठच्या पुढे वाचत नाही.” आणि मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. “दुसरी प्रत बाळाकडे आहे.”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी साठीला टेकलेला माणूस, पण शाळेत मास्तरांसमोर उभा राहावा तसा उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. डबा, मखर, पहिला नंबर, कबुतरं, रंगकाम. सपनाने तोंडावर हात धरला. मला वाटलं, दशरथ आता वही फेकून मारणार, आणि मारली असती तरी मी हललो नसतो.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, “ते मखर? मी झकास म्हटलं होतं ना त्याला?”

“हो.”

“वाट लागली माझी.” त्याने चप्पल पायात सरकवली. “किती उरल्यात? चल, बघू.”

दुपारची वेळ, तिघं रिक्षाने मुलुंडला. जानकीला दारातच सगळं सांगितलं. ती मला म्हणाली, “अकरा वर्सां तोंड शिवून बसलंस? माका तरी सांगूचा होतास, मेल्या!” आणि स्टूल घेऊन स्वतःच खिडकीवर चढली. पुढच्या खिडकीत पाच डिस्का. उन्हाने पार पांढुरक्या पडलेल्या. दशरथ एकेक उजेडाला धरून मधल्या कड्यावरचा नंबर वाचत होता. नव्वद. एकशेदोन. अठ्ठ्याऐंशी. एकशेसतरा त्यात नव्हती. सपना खाली बसली. तेव्हा जानकी म्हणाली, “न्हाणीच्या खिडकीत दोन आसत. डक्टात.”

आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या त्या अरुंद बोळात, ऊन कधी पोचलेलंच नाही. पोचतात ती फक्त कबुतरं. त्या दोन डिस्का विष्ठेने इतक्या लिंपलेल्या की हात लावायला नको वाटावं. जानकीने त्या मोरीत घेतल्या, भांड्यांचा साबण लावून बोटांनी हळूहळू धुतल्या. दशरथ वाकून सांगत होता, “गोल नका पुसू वहिनी, मधून बाहेर, सरळ.” घाण गेली, कडं दिसलं, आणि जानकी ओरडली, “एकशेसतरा!”

मी नशीब म्हटलं. दशरथ नशीब मानत नाही. तो म्हणाला, “डीव्हीडीत माल दोन प्लास्टिकच्या मधे असतो. उन्हापासून दूर राहिली, म्हणून टिकली. त्यात नशीब कसलं?” पण डिस्क त्याने रुमालात तीनदा गुंडाळली, ते मी पाहिलं.

आजच्या कॉम्प्युटरांना डिस्क घालायला तोंडच नसतं. दशरथने त्यासाठी जुना ड्राइव्ह जपून ठेवलेला. तो लावला. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. एकेक फाईल येत होती. दोनशेएकसष्ट, बासष्ट. दोनशेनव्वदला अडकली आणि पाच मिनिटं हलेना. मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मग सुटली. बाकीच्या एकशेबावन्नपैकी एकशेएकोणचाळीस आल्या. तेरा कायमच्या गेल्या, आणि त्या तेरांचा धनी मी आहे. तीनशेचार आली.

पण ती अजून जुन्या कंपनीच्या कुलपात होती. दशरथने तेरा साली वापरलेला कन्व्हर्टर, त्याच आवृत्तीचा, चिठ्ठीसकट ठेवलेला होता. त्याने चिठ्ठी वाचली, त्याच पायऱ्यांनी गेला, आणि फाईल डीएनजी होऊन पडद्यावर उघडली.

पहिल्यांदा काही धड दिसेना. दारातली बाई, मागून ऊन, चेहरा काळोखात. सपना म्हणाली, “नाही ना?” दशरथ म्हणाला, “थांब. अजून शिजवलं नाही.” त्याने उन्हाचा जोर उतरवला. पांढऱ्या साडीच्या काठावरची बारीक वेल एकेक पान करून उभी राहिली. मग चेहऱ्यावरचा काळोख हळूहळू वर उचलला. गडद सावळा रंग, गालांची वर आलेली हाडं, आणि कपाळावर भुवयांच्या मधे हिरवट उभी रेघ, बाजूंना दोन ठिपके. हनुवटीवर एक. लेकीच्या लग्नात दारात एकटी उभी, कुणाला तरी बघून हसू लागलेली.

सपना पडद्याजवळ गेली आणि ती रेघ बोटाने शोधली. “आई,” एवढंच म्हणाली आणि मोठ्याने रडली. दशरथ चष्मा पुसत बसला. मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो. असा माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो याचा मला अभिमान वाटला. इतका, की स्वतःची लाजसुद्धा त्यात बुडून गेली.

तीन जानेवारीला गोवंडीला अभ्यासिकेत तो फोटो लागला. रंग जसा होता तसाच, गोंदणासकट. भाषणं झाली. सपनाने माईकवर सगळ्यांसमोर सांगितलं की आईचं गोंदण पुसायला मीच लावलं होतं, आणि सतरा वर्षं जुन्या फाईलमधून ते परत आणलं ते या माणसाने. दशरथला उभं राहायला लावलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि हा खालच्या फरशा मोजत होता. मी मात्र उभं राहून वाजवल्या.

मग काठी टेकत धुरपताबाई पुढे आल्या. पंचाहत्तरच्या पुढच्या. फोटोसमोर उभ्या राहिल्या, काचेवर हात ठेवला.

“आली बया,” त्या म्हणाल्या. “एकाच दिशी गोंदून घेतलं व्हतं आमी दोघींनी, जत्रंत. म्या लई रडले. ही नाय रडली.”

मग त्या वळल्या आणि दशरथकडे काठी रोखली. “ए फोटोवाल्या. माझाबी काढून ठिव एक. अन् त्याला हात लावू नको.”

“नाही लावणार, आजी.”

त्या सतरंजीवर ताठ बसल्या. कपाळावरचा पदर दोन्ही हातांनी मागे सारला, गोंदण पुरतं दिसावं म्हणून, आणि हसल्या नाहीत. दशरथने गुडघे टेकून तीन फोटो काढले.

त्या फाईलींची एक प्रत त्याच्या स्टुडिओत आहे. दुसरी प्रत त्याने पुन्हा माझ्याच हातात दिली. ती मुलुंडला आहे, कपाटात, जानकीच्या लग्नाच्या शालूखाली. किल्ली जानकीकडे असते. मला ती देत नाही.